आईबाप असलेली ‘अनाथ’ मुलं

धुळे-जळगावकडच्या बालगृहांत मुलांशी बोलायला बसलो, की कितीतरी जणांची आई नाहीतर बाप जिवंत निघतो. कुणी गुजरातेत ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर. गाव मात्र सरसकट ‘अनाथाश्रम’ म्हणतं.

मूल निराधार होत नाही, केलं जातं, हे फुले दांपत्याने ओळखलं होतं. 1863 साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेचा पुनर्विवाह नाकारणाऱ्या धर्माने पाप मात्र बाळाच्या माथी मारलं होतं! काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉ. यशवंत. 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणलं. त्याच साथीने 10 मार्चला त्या गेल्या.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडलं. त्या मुलांना आईबाप होते. शहरात छप्पर नव्हतं. आमच्या मते आपल्या समाजाचं खरं बालकल्याण तिथे झालं.

आज? 2018 पासून राज्यात अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे. पण ऊसतोडीवरच्या आईचा मुलगा कागदावर अनाथ नाही. अनुसूचित जातीचा दाखला काढावा, तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. तो कोण आणणार? अठराव्या वर्षी बालगृह सुटतं. कार्यकर्त्यांनो, मूल सातवी-आठवीत असतानाच त्याच्या आजोबांच्या गावी जा, शाळेचं जुनं रजिस्टर आणि कोतवाल बुक उघडायला लावा.