एक किल्ली, अनेक कुलुपें

मोटारसायकलीस सामानाच्या पेट्या जोडल्या कीं मालकाच्या जुडग्यांत आणखी किल्ल्यांची भर पडते. कुशल किल्लीवाला मात्र त्या पेट्यांच्या कुलुपांचें अंतरंग बदलून, तीं हातांतील जुन्याच किल्लीनें उघडतील अशीं करून देऊं शकतो. एरव्हीं कुलुपासाठीं किल्ली घडवितात. येथें किल्लीसाठीं कुलूप घडवावें लागतें. ह्या उलट्या व्यवहारामागें मोठा इतिहास आहे.

प्राचीन इजिप्तमध्यें लांकडी कुलुपें असत. अडसराच्या भोंकांत वरून खुंट्या पडत व त्यास जागींच खिळून ठेवीत. खुंट्या बसविलेली एक पट्टी हीच किल्ली. ती आंत घालून वर उचलली कीं अडसर मोकळा होई. पुढें युरोपांत रूढ झालेल्या लोखंडी कुलुपांची भिस्त मात्र आंतील आडकाठ्यांवर असे. त्या चुकवून जाणारी वांकडी तार सांपडली कीं चोराचें काम झालें.

इ. स. १७७८ मध्यें रॉबर्ट बॅरन ह्या इंग्रजानें आंतील पट्ट्या नेमक्या उंचीपर्यंतच उचलाव्या लागतील अशी योजना केली. कमी उचलून चालेना, अधिकही चालेना. १७८४ मध्यें जोसेफ ब्रामानें आपल्या कुलुपाचें पेटंट घेतलें आणि पुढें तें लंडनमधील दुकानाच्या खिडकींत मांडून, उघडणारास २०० गिनींचें बक्षीस लावलें. १८१८ मधील चबच्या कुलुपास कोणी परकें हत्यार लाविलें, तर तें अडकून बसे व मालकास सुगावा लागे.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स ह्या अमेरिकन कारागिरानें हा सर्व अभिमान उतरविला. चबचें कुलूप त्यानें सुमारें २५ मिनिटांत उघडलें. ब्रामाच्या कुलुपास त्यास ५१ तास खपावें लागलें. अशा गोष्टी उघड बोलल्यानें चोरांस शिक्षण मिळेल, अशी ओरड झाली. परंतु चोरांस आपली विद्या पूर्वींच अवगत असते. अज्ञानांत राहतो तो सज्जन गृहस्थ, हें हॉब्सच्या पक्षाचें उत्तर आजही विचारार्ह आहे.

हॉब्सनें सोबत आणलेलें न्यूएलचें कुलूप आणखी विलक्षण होतें. त्याच्या किल्लीचे दांते मालकास हवे तसे बदलतां येत आणि कुलूप त्या नव्या रचनेशीं आपणच जुळवून घेई. तथापि असें कुलूप पेढ्यांच्या तिजोऱ्यांसच शोभणारें. ही सोय घरोघर नेण्याचें श्रेय लायनस येल ह्या अमेरिकन पितापुत्रांकडे जातें. पित्यानें १८४८ मध्यें इजिप्तच्या खुंट्यांचें तत्त्व धातूंत उतरविलें. पुत्रानें १८६१ व १८६५ च्या पेटंटांनीं त्यास लहान, चपट्या किल्लीचें सुटसुटीत रूप दिलें.

ह्या कुलुपांत एका नळींत फिरता गाभा असतो. दोहोंस भेदून जाणाऱ्या प्रत्येक छिद्रांत एकावर एक दोन खिळे व त्यांवर स्प्रिंग असते. योग्य किल्लीनें सर्व जोड्यांचे सांधे गाभ्याच्या कडेशीं आले म्हणजे गाभा फिरतो. म्हणून खालचे खिळे काढून, हातांतील किल्लीच्या खांचांस जुळतील एवढ्या लांबीचे घातले कीं काम झालें. गाडीच्या पेट्यांच्या कुलुपांत बहुधा खिळ्यांऐवजीं पातळ पत्रे असतात. गाभा बाहेर काढून त्यांत किल्ली घालावी. जे पत्रे बाहेर डोकावतील, ते बदलावे. कांहीं कारागीर तेच कानसीनें घासून सपाट करतात. त्यानें किल्ली फिरते खरी, पण कुलूप दुबळें होतें आणि परकी किल्लीही लागण्याचा संभव वाढतो. शिवाय किल्लीच्या अंगावरील खोबणी कुलुपाच्या तोंडाशीं जुळली पाहिजे. ती न जुळल्यास किल्ली आंतच शिरत नाहीं, आणि कुलूपच बदलावें लागतें.

मुंबईंत अर्देशिर गोदरेज ह्यांनीं १८९७ मध्यें कुलुपांचा कारखाना काढला, तेव्हां येलच्या दुसऱ्या पेटंटास ३२ वर्षें लोटलीं होतीं. तेव्हांपासून कुलुपें पुष्कळ सुधारलीं. पण एका किल्लीच्या सोयीचें मोल बदललेलें नाहीं. ती एक हरवली कीं सर्वच दारें परक्याच्या हातीं जातात, आणि सर्व कुलुपांचें अंतरंग नव्यानें बदलावें लागतें. म्हणून जुडगा हलका करणारानें उरलेली किल्ली दुप्पट जपली पाहिजे.