शस्त्रक्रियेची प्राथमिक कौशल्ये : चित्रफितींद्वारे शिक्षण

हात घासून धुणे, निर्जंतुक हातमोजे चढवणे, हत्यारे धरणे, गाठ मारणे, टाके घालणे आणि काढणे ही कामे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णाला हात लावण्यापूर्वी यावीत, यासाठी तयार केलेल्या चित्रफितींचा अध्यापनातील वापर. मोठ्या शस्त्रक्रियेच्या चित्रणाहून ही चित्रफीत वेगळी असते. तिच्यात रोग नसतो, रुग्णही नसतो. दोन हात, नीडल होल्डर, फोरसेप्स, दोरा आणि सिलिकोनचा किंवा फोमचा एक तुकडा एवढेच असते. ती चार-पाच मिनिटांत संपते आणि पुन्हापुन्हा पाहण्यासाठीच केलेली असते.

रुग्णाआधी निर्जीव वस्तूवर हात बसवण्याची कल्पना जुनी आहे. ‘सुश्रुतसंहिते’च्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, दुधी, कलिंगड यांवर छेदन, केसाळ कातड्यावर लेखन, मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेधन आणि कापडाच्या कडांवर सीवन असा सराव सांगितला आहे. शास्त्र पाठ असले तरी सराव न केलेला वैद्य कामाला अयोग्य, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे.

शस्त्रक्रिया पडद्यावर आणण्याचे श्रेय बहुतेक इतिहासकार पॅरिसचे शल्यविशारद यूजीन-लुई द्वायाँ यांना देतात. सिनेमाचा जन्म होऊन जेमतेम तीन वर्षे झाली असताना, 1898 मध्ये, त्यांनी आपल्या शस्त्रक्रिया चित्रित करवून घेतल्या आणि त्याच वर्षी एडिंबरोला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत दाखवल्या. त्यांचा युक्तिवाद साधा होता. शस्त्रक्रियागृहाच्या सज्जातून विद्यार्थ्यांना दिसतात त्या मुख्यतः सहायकांच्या पाठी. जखमेत काय चालले आहे ते कॅमेऱ्याला दिसते. स्वतःचे चित्रण पाहिल्यावर आपल्याच हालचालींतले दोष कळले आणि ते सुधारता आले, असेही त्यांनी सांगितले. 1902 मध्ये त्यांनी ओडिशात जन्मलेल्या राधिका आणि दुडिका या जुळलेल्या बहिणींना वेगळे केले व तेही चित्रित केले. दुडिका क्षयाने थोड्याच दिवसांत दगावली. ही चित्रणे कॅमेरावाल्याने परस्पर विकली, जत्रांतून लोकांना दाखवली गेली, आणि 1905 मध्ये न्यायालयाने द्वायाँ यांच्या बाजूने निकाल दिला. शस्त्रक्रियेचे चित्रण कुणाचे, ते कुणी पाहावे, हा वाद म्हणजे या माध्यमाइतकाच जुना.

प्राथमिक कौशल्यांकडे मात्र कॅमेरा उशिरा वळला. टाका ही शिकवण्याची गोष्ट आहे असे कुणाला वाटतच नसे. कॅज्युअल्टीत सीनियरने एकदा टाका घालून दाखवायचा आणि पुढची जखम इंटर्नच्या हवाली करायची, ही रीत जगभर चालत आली. रुग्णाच्या हक्कांची जाणीव वाढली, निवासी डॉक्टरांचे कामाचे तास अनेक देशांत मर्यादित झाले, तेव्हा हा सराव कौशल्य-प्रयोगशाळेत हलवावा लागला. तिथे अडचण शिक्षकांची. शंभर-दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला प्रत्येकाच्या खांद्याशी उभे राहून गाठ दाखवायला शल्यविशारद आणायचे कुठून? चित्रफितीची गरज मुख्यतः इथून निर्माण झाली, हे मान्य करायला हवे.

ती कितपत कामाची, हे टोरंटोच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून चांगले दिसते. टाके व गाठी शिकणाऱ्या 60 नवख्या विद्यार्थ्यांचे चार गट केले होते : एकाला जादा शिकवणी नाही, एकाला संगणकावरची चित्रफीत, एकाला काम चालू असतानाच तज्ज्ञाच्या सूचना, आणि एकाला काम संपल्यावर सूचना. लगेचच्या चाचणीत तिन्ही शिकवण्या उपयोगी ठरल्या. महिनाभराने मात्र चित्रफितीचा गट आणि नंतर सूचना मिळालेला गट आघाडीवर टिकून राहिले. शेजारी उभे राहून सतत दुरुस्त केलेला गट तसा टिकला नाही. सारखे सांगत राहणाऱ्या गुरूपेक्षा गप्प बसून हवे तेव्हा पुन्हा दाखवणारा पडदा बरा, हा निष्कर्ष काहींना झोंबेल. पण चित्रफितीच्या गटाच्या हातात सुई होती, हे विसरून चालणार नाही.

नुसते पाहण्याचा धोका वेगळा आहे. शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रीय प्रयोगांत (2018) एखादी करामत पडद्यावर अनेकदा पाहिलेल्यांचा ‘आपल्यालाही जमेल’ हा विश्वास वाढला, प्रत्यक्ष कामगिरी वाढली नाही. टाक्याबाबत याचे कारण कळणे सोपे आहे. सुई टोकापासून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर धरावी, त्वचेत काटकोनात शिरवावी, मग मनगट फिरवून तिच्या वळणाने बाहेर काढावी, हे सगळे डोळ्यांना दिसते. दोरा किती ओढायचा ते दिसत नाही. कडा नुसत्या भेटाव्यात, आवळल्या जाऊ नयेत. जास्त आवळल्यास कडांचा रक्तपुरवठा तुटतो. हा ताण स्वयंपाकातल्या ‘चवीपुरते मीठ’सारखा आहे : सांगता येतो, दाखवता येत नाही. गाठीचेही तसेच. प्रत्येक फेऱ्याला हातांची दिशा बदलली तर चौकोनी गाठ बसते. न बदलल्यास सरकणारी गाठ तयार होते, आणि पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. म्हणून चांगली चित्रफीत चुकीची गाठही मारून दाखवते आणि ती ओढल्यावर कशी निसटते तेही.

चित्रणाची जागा महत्त्वाची. समोरून घेतलेल्या चित्रात डावे-उजवे उलटे होते, आणि विद्यार्थ्याचा अर्धा वेळ ते मनात फिरवण्यात जातो. कॅमेरा शिकवणाऱ्याच्या खांद्यावरून किंवा कपाळावरून असावा. दोन टोकांना दोन रंगांचे दोरे बांधले की गाठीचा फेरा स्पष्ट कळतो. क्रिया एकदा पूर्ण वेगात, मग तुकड्यातुकड्यांत दाखवावी. कौशल्य शिकवण्याच्या, पेटन यांच्या चार पायऱ्यांच्या पद्धतीतला पहिला अर्धा भाग असा पडद्यावर सोपवता येतो. उरलेला अर्धा, म्हणजे विद्यार्थ्याने पायऱ्या तोंडाने सांगणे आणि मग स्वतः करणे, कुणीतरी समोर बसूनच ऐकावा व पाहावा लागतो.

भारतात 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीची केली आणि टाके घालणे कृत्रिम माध्यमावर करून दाखवण्याची अपेक्षा ठेवली. दाखवणे, पाहणे, मदत करणे, करणे असा क्रम त्यात आहे. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी चित्रफीत सहज चालते. यूट्यूबवर साहित्याची कमतरता नाही, निवड करणाऱ्याची आहे. प्रेक्षकसंख्येचा आणि अचूकतेचा संबंध असेलच असे नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत चित्रफीत बहुधा इंग्रजीत चालते आणि दुरुस्ती मराठीत होते : ‘अरे, ढकलू नकोस, मनगट फिरव.’

मूल्यमापनासाठी कॅमेरा विद्यार्थ्याच्या हातांकडे वळवतात. टोरंटोतच 1990 च्या दशकात तयार झालेल्या ओसॅट्स या गुणपद्धतीने परीक्षक ऊतींची हाताळणी, हालचालींची काटकसर, हत्यारांची ओळख अशा निकषांवर गुण देतात. चित्रणात फक्त हातच दिसत असल्याने चेहरा किंवा नाव न कळता गुण देता येतात.

डावखुऱ्या विद्यार्थ्यासाठी चित्र आडवे उलटवून दाखवता येते. पडद्यावरची अक्षरे मात्र उलटी होतात, म्हणून अशा फितीत सूचना बोलून द्याव्यात. पण नेहमीचा नीडल होल्डर उजव्या अंगठ्याच्या दाबाने सुटेल असा घडवलेला असतो. डाव्या हाताने तो उघडण्याची पकड वेगळी आहे, आणि उलटवलेल्या चित्रात ती सापडत नाही. ती वेगळी चित्रित करावी लागते.