जखमी पक्षी-प्राणी दारात सापडला तर : वन खात्याची गाडी येईपर्यंत काय करायचं?

बेळगाव : सकाळी परसात पंख पसरून पडलेली घार, गच्चीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं घुबड, नाहीतर कुत्र्यांनी पिटाळत गावात आणलेलं भेकर. बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. असं काही दिसलं की गल्ली गोळा होते. कुणी वाटीत दूध आणतं, कुणी चमच्यानं पाणी पाजतं, पोरं मोबाईल काढतात. मनात वाईट कुणाच्याच नसतं. पण बऱ्याचदा जनावर जखमेपेक्षा या मदतीनेच दगावतं.

आधी पाण्याचं बघू. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. चोच उघडून पाणी ओतलं की ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दूध तर पक्ष्यांना पचतच नाही. दूध-पाव, भात, फरसाण काही नको. जखमेत हळद भरणं हाही आपल्याकडचा हमखास उपाय, पण त्यानं डॉक्टरला जखम नीट दिसत नाही. रॉकेल, डिझेल लावणं तर निव्वळ छळ.

मग करायचं काय? एक पुठ्ठ्याचा खोका घ्या, हवेसाठी भोकं पाडा, तळाला जुनं सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पक्ष्यावर अलगद चादर टाका, पंख अंगाशी मिटवून उचला आणि खोक्यात ठेवून झाकण लावा. घुबड, घार, ससाणा असेल तर चोचीपेक्षा पायांना जपा, खरा मार नखांचा असतो. खोका अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही. काचेवर आपटून गुंगलेला पक्षी अशा अंधारात तास-दोन तासांत सावरतो. मोकळ्यावर खोका उघडला की उडून जातो. उडाला नाही तर आत काही मोडलंय असं समजा. लोखंडी पिंजरा मात्र टाळा, तडफडून पिसं मोडतात. मांजरानं धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे पोचवा. दातांच्या बारीक भोकांतून गेलेला जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत जीव घेतो.

मांजात अडकलेला पक्षी ही पतंगांच्या दिवसांतली नेहमीची गोष्ट. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. दोरा ओढून काढू नका. दोन्ही बाजूंनी कापा आणि मांसात रुतलेला तुकडा डॉक्टरवर सोडा. पक्षी विजेच्या तारेवर लोंबकळत असेल तर बांबू घेऊन वर चढायचं धाडस नको. हेस्कॉमला सांगून आधी लाईन बंद करून घ्या, अग्निशमन दलाला बोलवा.

भेकर, चितळ, सांबर यांची गोष्ट वेगळी. ही जनावरं भीतीनंच मरतात. पाठलाग आणि धरपकडीच्या ताणानं त्यांचे स्नायू आतून तुटतात, मूत्रपिंडं निकामी होतात. समोर उभं असलेलं भेकर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही कोसळतं. म्हणून कुत्री हाकला, माणसं लांब करा, आवाज बंद. ते निपचित पडलं असेल तरच डोळ्यांवर कापड टाका.

गव्याच्या तर जवळही जाऊ नका. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत गवा शिरला. मागे बघ्यांची गर्दी, पळापळ, शेवटी भुलीचं इंजेक्शन. पकडल्यावर थोड्याच वेळात तो मेला. त्याच महिन्यात बावधनजवळ दुसरा गवा दिसला. त्या वेळी गर्दी लांब ठेवली आणि तो आपल्या पायांनी जंगलात परतला.

काही वेळा जनावर जखमी नसतंच. घरट्यातून पडलेलं पिल्लू उचलून परत ठेवलं तर चालतं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खोटा आहे. ऊसतोडीत सापडणारी पिल्लं बिबट्याची असोत की रानमांजराची, फोटोसाठी घरी आणू नका. तोड तेवढ्या भागात थांबवा, वन खात्याला कळवा. अंधार पडल्यावर आई येऊन पिल्लं उचलून नेते.

आजारी किंवा मेलेल्या माकडाला मात्र हातच लावू नका. माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात दिसला. हा ताप गोचिडांमुळे पसरतो आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. काजूच्या हंगामात आपल्याकडची माणसं त्या भागात कामाला जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. अशी जागा आरोग्य खात्याला कळवा. वटवाघूळ, कोल्हा, माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

आता फोन कुणाला? ११२ कुठूनही लागतो. चंदगडसारख्या महाराष्ट्रातल्या भागात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. बेळगाव-खानापूरच्या कार्यालयांवर कन्नडमध्ये ‘अरण्य इलाखे’ लिहिलेलं असतं, तेच वन खातं. ज्या राज्यात प्राणी सापडला तिथल्याच खात्याला कळवा. ओळखीचा डॉक्टर पलीकडे आहे म्हणून गाडीत घालून हद्द ओलांडलीत तर चांगलं करायला जाऊन अडचणीत याल. ‘आपल्यावरच केस होईल’ या भीतीनं अनेकजण कळवतच नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता असतो आणि तो तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याला कळवावं लागतं. गुन्हा होतो तो ठेवून घेतल्यावर. पोपटालाही हाच नियम, बरा झाला म्हणून पिंजऱ्यात पाळता येत नाही.

गाडी आली की प्राणी नेमका कुठं, किती वाजता सापडला आणि तुम्ही त्याला काय दिलं, हे सगळं सांगा. पाणी पाजलं असेल तर तेही लपवू नका. जागा चिठ्ठीवर लिहून दिलीत तर उत्तम, कारण बरं झाल्यावर त्याला शक्यतो त्याच परिसरात सोडायचं असतं.