पडद्यावरचे दर्शन : एक छोटा इतिहास

सुरतेतली आपली बरीच मराठी कुटुंबे खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने इकडे आली. कोसाड-अमरोली असो की उधना-लिंबायत, घर इथे झाले. पण गावच्या गणपतीची आरती गावातच राहिली. आज ती मोबाईलवर दिसते, त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. मात्र ती अशी सहज दिसायला वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

सुरुवात गमतीची आहे. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक विभागाने कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला. भांड्यात कॉफी आहे की संपली, हे जागेवरूनच कळावे एवढाच हेतू! १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आले. पण तो व्हिडिओ नव्हता. थोड्या थोड्या वेळाने बदलणारा फोटो होता.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळच्या ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नसे. त्याला ‘प्लग-इन’ नावाचा जोडीदार लागे. कुठे रिअलप्लेअर, कुठे विंडोज मीडिया, तर कुठे क्विकटाइम. प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली, असा तो प्रकार होता. पुढे फ्लॅश नावाची एकच किल्ली बहुतेक ठिकाणी चालू लागली. २००५ मध्ये आलेले यूट्यूबही आधी फ्लॅशवरच चाले.

यूट्यूबने आणखी एक सोय रुळवली, ती ‘एम्बेड’ची. चार ओळींचा कोड आपल्या पानात चिकटवला की त्यांचा व्हिडिओ आपल्या पानावर दिसतो. व्हिडिओ त्यांच्याच संगणकावर राहतो; आपल्या भिंतीला फक्त खिडकी पडते. स्वतःची यंत्रणा उभारणे परवडत नसलेल्या छोट्या मंडळांनाही त्यामुळे वाट मोकळी झाली.

पण एकाच कंपनीच्या किल्लीवर सगळे विसंबले होते. २००७ मध्ये आयफोन आला आणि त्यात फ्लॅश नव्हते. त्याच वर्षी ऑपेरा कंपनीने सुचवले की व्हिडिओ दाखवणे हे ब्राउझरचेच काम असावे. २००९ मध्ये अॅपलने थेट प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवण्याची पद्धत आणली. नेट मंदावले की कमी स्पष्ट तुकडे येतात. चित्र धूसर होते, पण शक्यतो थांबत नाही. मंडपात घंटा वाजते आणि मोबाईलवर थोड्या वेळाने ऐकू येते, त्याचे एक मोठे कारण हे तुकडेच. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल-५ हे अधिकृत मानक झाले आणि प्लग-इनची गरज संपत गेली. २०१६ पासून डेटाही स्वस्त झाला.

म्हणूनच २०२० चे संकट आले तेव्हा साधन तयार होते. जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने मंडळांना ऑनलाइन दर्शनाची सोय करण्यास सांगितले. इकडे आपल्या गुजरात उच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२० पासून प्रायोगिक तत्त्वावर सुनावणी यूट्यूबवर थेट दाखवली. आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला फ्लॅशला अखेरचा निरोप मिळाला.

या इतिहासातून मंडळांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली : खिडकी म्हणजे कपाट नव्हे. खाते बंद झाले किंवा व्हिडिओ काढला गेला की एम्बेडच्या जागी काळी चौकट उरते. फ्लॅशवर अवलंबून असलेली कितीतरी जुनी पाने अशीच मुकी झाली. ज्यांचे आवाज आता पुन्हा मिळणार नाहीत, अशा आपल्या ज्येष्ठांच्या आरत्यांची मूळ फाइल मंडळाकडे, निदान दोन ठिकाणी, जपलेली हवी.

दुसरी : चाचणी आपल्या फोनवर पुरत नाही. ज्या खात्यावरून व्हिडिओ टाकला त्या खात्यावर खासगी व्हिडिओसुद्धा दिसतो. इतरांना दिसत नाही. म्हणून लॉगिन न केलेल्या दुसऱ्या फोनवर, वायफाय बंद करून, वेगळ्या ब्राउझरमध्ये पाहावे. आवाजही तपासावा, कारण आपोआप सुरू होणारा आवाज ब्राउझर बहुधा अडवतात आणि आरती मुकीच चालते. शेवटी गावी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फोन करून विचारावे, “बाप्पा दिसतोय का?” त्यांनी हो म्हटले, की मगच चाचणी पूर्ण झाली असे समजावे.