ठाण्याचा किल्ला जेलमध्ये आहे!

ठाण्यात किल्ला कुठे आहे विचारलं, तर बरेच जण घोडबंदरकडे बोट दाखवतात. कल्याणकरांना दुर्गाडी निदान येता-जाता दिसतो तरी. ठाणे शहराचा स्वतःचा किल्ला मात्र सेंट्रल मैदानाशेजारी उभा आहे, आणि आपण सगळे त्याला 'जेल' म्हणतो.

१७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आतच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी हल्ला करून किल्ला जिंकला. गंगाधरशास्त्री खून प्रकरणात पकडलेले त्रिंबकजी डेंगळे इथेच कैदेत होते. १२ सप्टेंबर १८१६ ला ते निसटले. खिडकीखाली मोतद्दार मराठी गाणी म्हणायचा, त्यातूनच निरोप पोचायचे आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना ओ की ठो कळायचं नाही, असं सांगतात.

पुढे १८३३ मध्ये किल्ल्याचं जेल झालं. २ मे १८४८ ला राघोजी भांगरे इथे फासावर गेले. नाशिकच्या जॅक्सन वधानंतर १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. कान्हेरे तर अवघे अठरा वर्षांचे होते.

आता खरं बोलायचं तर जेलमुळेच हा किल्ला वाचला. एवढ्या मोक्याची जागा मोकळी असती, तर एव्हाना तिथे टॉवर उभे राहिले असते. पण त्याच जेलमुळे तो आपल्या नजरेआडही गेला.

जपानमधल्या कानाझावा किल्ल्याचंही असंच झालं होतं. आधी तिथे लष्कराचा तळ होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आत चक्क विद्यापीठ भरायचं. १९९० च्या दशकात विद्यापीठ शहराबाहेर गेलं, तेव्हा तिथल्या प्रांतिक सरकारने जागा ताब्यात घेतली, उत्खनन केलं, जुने दगडी तट राखले. २००१ मध्ये किल्ला बाग म्हणून लोकांना खुला झाला. काही इमारती नव्याने उभारल्या, पण जुन्या पद्धतीने, लाकडातच.

आपल्याकडे कारागृह हलवायची चर्चा अधूनमधून निघते. आत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त कैदी आहेत, त्यामुळे कधीतरी ते हलेलच. त्या दिवशी शहराच्या मधोमध मोठी जागा मोकळी होईल आणि तिच्यावर कोणाकोणाचा डोळा असेल, हे काय सांगायला हवं?

म्हणून आत्ताच मागूया. कारागृह प्रशासनाच्या परवानगीने तट-बुरुजांची मोजणी, नकाशे आणि फोटो आधी होऊ देत. फाशीची जागा आणि जुनं बांधकाम कागदावर पक्कं होऊ देत. जागेचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा. सुशोभीकरणाच्या नावाखाली जुन्या दगडांवर सिमेंट थापू नका.

तोवर निदान एवढं करा: कोर्ट नाक्यावरून जाताना मुलांना सांगा, "हा आपला किल्ला."