बंदुकीचे दोन पाय

आजचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटेल. शिकारीच्या हलक्या रायफलला बायपॉड लावायचा, तर कोणता? बायपॉड म्हणजे नळीखालचा दोन पायांचा टेकू, एवढंच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय जवळपास मिटला, पण अमेरिकेतल्या किंवा स्कॉटलंडमधल्या शिकाऱ्याला हे कोडं आजही सोडवावं लागतं. कोडं मात्र चारशे वर्षांहून जुनं आहे. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडते हा प्रकार मला चांगलाच ओळखीचा आहे.

सोळाव्या शतकातली स्पॅनिश मस्केट इतकी जड होती, की शिपाई बरोबर बेचक्याची काठी घेऊन फिरायचा. काठी जमिनीवर टेकवायची, बेचक्यात नळी ठेवायची आणि एका हाताने पेटता तोडा सांभाळायचा. सतराव्या शतकात मस्केट हलकी झाली आणि काठी सुटली. म्हणजे युरोपात टेकू हा वजनावरचा इलाज होता. वजन गेलं, टेकू गेला.

तिबेटमध्ये गोष्ट वेगळी. तिथल्या तोड्याच्या बंदुकीला दोन लांब पाय बिजागरीने जोडलेलेच असायचे, आणि त्यांच्या टोकांना बऱ्याचदा अँटिलोपची शिंगं. नको तेव्हा नळीच्या रेषेत दुमडून टाकायचे. कारण साधं आहे हो! त्या उघड्या पठारावर टेकायला झाड आणायचं कुठून? अफगाण जेझैललाही असाच बेचक्याचा आधार देत. १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेवर डोंगरांतून याच लांब नळीच्या बंदुका चालल्या. (जाता जाता, आपल्या गडकोटांच्या जुन्या कागदांतही ‘जेजाला’ भेटतात, त्या लांब आणि जड बंदुका.) इथे टेकू आला तो अंतरासाठी.

आता १८७०च्या दशकातली अमेरिकेची माळरानं. बायसन मारणाऱ्यांकडे शार्प्स रायफल, पाच-सहा किलोंची. आधार काय? दोन काठ्या, वरच्या टोकाजवळ एकत्र बांधलेल्या. फुलीसारख्या उघडायच्या आणि मागे बसून नेम धरायचा. शिकारी लांबून, एकाच जागेवरून गोळ्या घालायचा. नेम नीट बसला तर जनावर जागीच कोसळायचं आणि कळप भेदरून पळायचा नाही. नुसताच गोंधळून उभा राहायचा, आणि शिकारी एकामागून एक टिपत राहायचा. बायसन संपले ते रेल्वेमुळे, कातड्याच्या बाजारामुळे, मूळ रहिवाशांचं अन्नच तोडायच्या धोरणामुळे. काठ्यांवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. पण १८८९ मध्ये विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद केली, तेव्हा उरलेला आकडा हजाराच्या आसपास होता. स्थिर नेमाची ही दुसरी बाजू बायपॉडच्या जाहिरातीत कधी दिसत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नेम डळमळला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडतं. म्हणून शिकार करणारा टेकू शोधतो, तेव्हा ती चैन नसते.

आता हलक्या रायफलकडे येऊ. १९८०च्या दशकात मेल्विन फोर्ब्स यांनी केवलारच्या दस्त्याची, सव्वादोन किलोंच्या आसपासची रायफल बाजारात आणली. डोंगर चढताना वरदान! पण काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की धक्का जास्त जोरात बसतो. खडकावर टेकलेले पाय उसळतात. दस्ता बारीक आणि लवचीक असेल तर बायपॉडवर भार देताना तो वाकून नळीला टेकतो आणि गोळी भलतीकडे जाते. शिवाय हॅरिस कंपनीचा प्रसिद्ध घडीचा बायपॉड तीनशे ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे रायफलच्या जवळजवळ सातव्या हिश्श्याइतका. तोही पुढच्या टोकाला! खांद्याला लावली की तोंड खाली झुकणार.

उंचीचं तर कोणी बोलतच नाही. सहा ते नऊ इंचांचे पाय पालथं झोपून मारायला उत्तम, पण गुडघाभर गवतात झोपलात की समोर फक्त गवत. शार्प्सवाले बसूनच मारायचे, ते उगाच नाही.

जेफ कूपर यांची ‘स्काउट’ रायफलची कल्पना होती तीन किलोंच्या आसपासची. ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने १९९०च्या दशकाच्या शेवटी ती बनवली, तेव्हा दोन्ही पाय दस्त्याच्या पुढच्या भागातच दडवले. मिटले की दिसतही नाहीत. मला हा सगळ्यात देखणा उपाय वाटतो, तिबेटी बंदुकीचा नातेवाईकच. पण त्या पायांची उंची बदलता येत नाही, म्हणजे गवताचा प्रश्न पुन्हा आलाच.

अलीकडे कार्बन फायबरचे, चुंबकाने चिकटणारे, दोनशे ग्रॅमच्याही आतले पाय मिळतात. चालताना खिशात, नेम धरताना रायफलला. मला निवडायला सांगितलं तर डोंगरात मी हेच सुचवीन, आणि पाय बसून मारता येईल इतके लांब घ्यायला सांगीन. सपाट माळावर, गाडीतून उतरून दहा पावलं चालायचं असेल तर हॅरिस खुशाल लावा, तीनशे ग्रॅमने काही बिघडत नाही. आणि डोंगरात तेही नको असतील, तर पाठीवरची सॅक काढा, खडकावर ठेवा आणि तिच्यावर रायफल टेकवा. वजन शून्य, खर्चही शून्य.