डिस्नेलँडमधला गोवर

बाळाला घेऊन परदेशी निघालात की व्हिसा, विमा, डायपर सगळं आठवतं. गोवर मात्र कुणालाच आठवत नाही. अमेरिकेने २००० साली गोवर देशातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं. तरी डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधून त्याची साथ पसरली. एकट्या कॅलिफोर्नियात ११० रुग्ण. त्यांत लस घेण्याइतकं वयही न झालेली १२ तान्ही बाळं होती. "गर्दीत बाळाला कडेवरच ठेवू," असं पालक मला सांगतात. त्याने काय होणार? रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो! आपल्याकडे गोवराचा पहिला डोस नऊ महिन्यांनी देतात. बाळ सहा महिन्यांचं झालं असेल, तर प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. जादा डोस देता येतो. तो नेहमीच्या डोसांत धरत नाहीत. ते पुढे वेळेवर घ्यायचेच.